दोन सह्यांची कंपनी

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण! वजनकाटे दुरुस्त करणं ही त्यांची रोजीरोटी. किराणावाल्याचे, भंगारवाल्याचे, गोदामातले अवजड, औषधवाल्याचे इवलेसे, सगळे काटे शेवटी त्यांच्याच टेबलावर यायचे. पस्तीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट बघत आला होता, ती म्हणजे कोण कुठे अंगठा ठेवतो. कुणी ताटलीखाली चुंबक चिकटवायचा, कुणी स्प्रिंग मुद्दाम सैल करून आणायचा आणि वर साळसूद चेहऱ्याने विचारायचा, "बघा हो, काय बिघडलंय." असलं रोज बघून कुणाचं मन साफ राहील, तुम्हीच सांगा.

पण धंदा हे निमित्त झालं. खरी माशी शिंकली होती घरातच. तरुणपणी थोरला भाऊ आणि ते मिळून एक मोठं दुकान चालवत. एके दिवशी भाऊ म्हणाला, "कराचा कागद आहे रे, इथे आणि इथे सही कर." यांनी केली. आठव्या दिवशी दुकानाला नवं कुलूप होतं आणि हे जुनी किल्ली हातात घेऊन दारात उभे. भावाने केसाने गळा कापला म्हणतात तो असा. तेव्हापासून काटेवाले कागद तीनदा वाचत, चौथ्यांदा बायकोकडून वाचून घेत, आणि मग सही उद्यावर ढकलत.

भांडून भावाच्या दुकानातून त्यांनी एकच वस्तू परत मिळवली होती. उस्तादांची पेटी. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांनी जाताना ही पेटी त्यांच्या हवाली केली होती. आत निळ्या मखमलीत पितळेची वजनं, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत, आणि प्रत्येकावर उस्तादांची खूण, एक छोटा कोरलेला बाण. दुरुस्त केलेला प्रत्येक काटा या वजनांवर लावून पाहायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. रोज सकाळी शटर वर केलं की काटेवाले आधी पेटी उघडत आणि वजनं पॉलिश लावून घासत. किलोचं वजन सगळ्यात जास्त, कारण तेच सगळ्यात जास्त वापरात. "धूळ बसली की वजन खोटं झालं," असं ते म्हणायचे. "हवेवरसुद्धा विश्वास ठेवायची सोय नाही."

दुकानात त्यांच्यासोबत काम करायची त्यांची लेक. एकुलती एक. वय तिशीचं, हात सफाईदार, जीभ त्याहून. नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यांचं सगळं तीच बघायची, कारण त्यातल्या तारा आणि सर्किटच्या पाट्या बघून काटेवाल्यांना घाम फुटायचा. उपकरणं दुरुस्त करण्याचा तीन वर्षांचा डिप्लोमा तिने दोन वर्षं केला होता. तिसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी काटेवाले म्हणाले होते, "घरात दमडी नाही, बाळ." ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसली, ती बसलीच. अकरा वर्षं झाली त्याला.

आता कंपनीचं खूळ कुठून निघालं ते ऐका. मागच्या वर्षी एका गोदामवाल्याने दावा लावला, की तुम्ही दुरुस्त केलेल्या काट्याने माझं नुकसान झालं. काटेवाल्यांचा काही दोष नव्हता, त्याच्या माणसांनी काट्यावरून ट्रॉली नेली होती. पण दहा महिने कज्जा चालला, आणि जप्तीच्या यादीत काटेवाल्यांच्या राहत्या दोन खोल्या लिहिल्या गेल्या. बायकोने दहा महिने भिंतीला नवा खिळा ठोकला नाही. निकाल बाजूने लागला तेव्हा लेकीने जेवायच्या टेबलावरच सांगून टाकलं.

"बाबा, आता बास. एक तर आपण लिमिटेड कंपनी काढू, नाहीतर मला मोठ्या काटे कारखान्यातून बोलावणं आहे, मी तिकडे जाते. पुन्हा आईचं घर यादीत बघायला मी इथे थांबणार नाही."

"कोण कारखानेवाला? तुला कशाला बोलावतो? त्यात काहीतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे. पगार कोरडा आहे," लेक म्हणाली.

झालं. काटेवाल्यांची झोप उडाली. लेक गेली तर अर्धं दुकान गेलं, हे त्यांना कळत होतं. आणि दुकानाहून जास्त काही जाणार होतं, तेही कळत होतं, पण तसं तोंडाने म्हणायची या घराण्याला सवय नाही.

कंपन्या काढून देणारा एक वकील होता. दोन जिने चढून त्याची खोली, खोलीत फायलींचे ढीग आणि भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ. काटेवाल्यांनी आत शिरताच घड्याळ बघितलं आणि लेकीच्या कानात म्हणाले, "ज्याला स्वतःचं घड्याळ चालवता येत नाही..." लेकीने कोपर मारलं.

वकिलाने समजावून सांगितलं. कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी वेगळा माणूस. उद्या ती बुडाली, तिच्यावर दावा झाला, तर कंपनीचं जे आहे तेवढंच जाईल. मालकांच्या राहत्या घराला कुणी हात लावू शकत नाही.

"कायदा इतका मायाळू कधीपासून झाला?" काटेवाल्यांनी विचारलं.

"फुकट नाही ना. आधी किमान भांडवल दाखवावं लागतं. कायद्याने आकडा ठरलाय. तेवढे पैसे बँकेत कंपनीच्या खात्यात ठेवायचे. नोंदणी होईपर्यंत बँक ते गोठवून ठेवते आणि दाखला देते. तो दाखला नाही, तर कंपनी नाही."

"हे कशासाठी?"

"तुमच्याशी व्यवहार करणाऱ्याला खात्री हवी, की पाटीमागे काहीतरी आहे. नुसतं दार नाही."

काटेवाले खुर्चीत जरा पुढे सरकले. "म्हणजे सरकारचासुद्धा कुणावर विश्वास नाही."

"असं म्हणा हवं तर."

आयुष्यात पहिल्यांदा काटेवाल्यांना एखादा कायदा आवडला.

मग पैशाची गोष्ट निघाली. निम्मं भांडवल लेकीकडे रोख होतं, अकरा वर्षांत स्वतःच्या पगारातून जमवलेलं. उरलेलं निम्मं काटेवाल्यांनी घालायचं. त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. "माझ्याकडे कुठले? घरात दमडी नाही."

वकील आवाज खाली आणून म्हणाला, "एक सोय आहे. तीन दिवसांसाठी पैसे मिळतात. खात्यात दाखवायचे, दाखला घ्यायचा, नोंदणी झाली की परत. सगळेच करतात."

"अहो, हे म्हणजे रिकाम्या ताटलीवर अंगठा ठेवणं झालं," काटेवाले एकदम कडाडले. आणि गंमत बघा, त्याच क्षणी लेकही तेच म्हणाली, शब्दाला शब्द. वकील दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. कितीही कटकट असली तरी बाप-लेकीचा काटा या एका बाबतीत एकाच आकड्यावर थांबायचा.

तेव्हा दुसरा रस्ता निघाला. रोख नसेल तर कंपनीच्या कामाची वस्तू भांडवल म्हणून देता येते. फक्त मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून तिची किंमत ठरवून घ्यायची. लेकीने बापाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उस्तादांची पेटी?"

काटेवाल्यांनी तीन दिवस विचार केला. कंपनीचं नाव नव्वद दिवसांसाठी राखून ठेवलं होतं, त्यातले साठ यांच्या विचारातच गेले होते. शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर. कंपनीच्या खात्यातून एक रुपया काढायचा तरी दोघांच्या सह्या लागतील. एकाच्या सहीवर काही नाही.

"माझ्यावर एवढाही विश्वास नाही का, बाबा?" लेकीने विचारलं.

"तुझ्यावर आहे गं. सहीवर नाही."

लेकीने तो कागदही मुकाट्याने भरला.

व्हॅल्युअर आला, गळ्यात चष्मा अडकवलेला, गोड बोलणारा. त्याने पेटी उघडताच "वा!" म्हटलं, आणि त्या एका 'वा'मुळे काटेवाले त्याच्यावर पाळत ठेवून बसले. व्हॅल्युअर म्हणाला, "प्रमाणित वजनांचा असा संच आता मिळत नाही. तुमचा निम्मा हिस्सा आरामात भरेल. फक्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्र असेल तर ही वजनं, नसेल तर भंगारातलं पितळ."

पुढचे दिवस नुसत्या सबबींत गेले. पेटी प्रयोगशाळेत ठेवायची म्हणजे कुणाच्या तरी हवाली करायची. तिथे बदलली तर? अर्धी वजनं उतरवून ठेवली तर? शेवटी मुदतीला पाच दिवस उरले तेव्हा लेकीने पेटी उचलली, प्रयोगशाळेत नेऊन दिली आणि पावती बापाच्या हातात ठेवली. तीन दिवस काटेवाले सकाळी पॉलिशची डबी उघडायचे, घासायला काही नाही म्हणून बंद करायचे.

चौथ्या दिवशी दोघं प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तपासणाऱ्या बाई पांढरा कोट घालून, अगदी थोडं बोलणाऱ्या. त्यांनी कागद पुढे केला. बारीक वजनं ठीक. पाच किलोचं आणि दोन किलोचं थोडं कमी. आणि किलोचं वजन साडेतीन ग्रॅमने कमी. प्रमाणपत्र मिळणार नाही.

काटेवाले कागद परत सरकवत म्हणाले, "तुमचाच काटा चुकतोय."

"तीन वेगवेगळ्या काट्यांवर बघितलंय, काका."

मग काटेवाले वळले, आणि लेकीकडे बघून जे बोलले ते पुढे कितीदा तरी त्यांना आठवलं. "पेटी तूच आणलीस. वाटेत तुझ्याच हातात होती. हे वजन माझं नाही. कुणाला दिलंस खरं वजन? त्या कारखान्यात?"

लेक रडली नाही, चिडली नाही. तिने फक्त खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तपासणाऱ्या बाईंनी किलोचं वजन चिमट्याने उचलून दिव्याखाली धरलं. "हे घासता का तुम्ही?"

"रोज. पस्तीस वर्षं."

"कशाने?"

"पॉलिशने. धूळ बसते ना. म्हटलं, उगाच वजन वाढायला नको."

"पॉलिश धूळ काढत नाही, काका, पितळ काढतं. प्रत्येक वेळी कणभर. प्रमाण वजनाला कुणी बोटही लावत नाही." बाईंनी वजन तिरपं केलं. "ही खूण होती ना इथे?"

उस्तादांचा बाण. एकेकाळी नखाला लागायचा. आता उजेड तिरपा पडला तरच दिसत होता, आणि त्याच्या शेजारी एक गुळगुळीत खोलगट जागा होती. काटेवाल्यांचा अंगठा तिथे बरोबर बसला. आपलंच वजन आहे, यात शंकाच नव्हती. बाईंनी पुढचं न विचारताच सांगितलं, की दुकानाच्या काट्याला पाच ग्रॅमपर्यंत सूट असते, म्हणून सरकारी तपासनिसाला आजवर सापडलं नाही. म्हणजे ज्या ज्या काट्याला काटेवाल्यांनी हे वजन लावून 'खरा' म्हटलं, तो प्रत्येक काटा ग्राहकाला कमी देत होता. बाजारभर अंगठे शोधत फिरणाऱ्या माणसाचा स्वतःचा अंगठा प्रत्येक ताटलीवर होता. देवा रे!

बसमध्ये दोघं शेजारी बसले. पेटी मध्ये. थांबा आला तेव्हा लेक म्हणाली, "परवा नावाची मुदत संपते. भांडवल निम्मंच आहे. मी उद्या कारखान्यात कळवते."

"बाळ, मी मघाशी..."

"उतरा बाबा, थांबा आला."

आता एक गोष्ट मी तुमच्यापासून दडवली होती, कारण काटेवाल्यांनी ती सगळ्यांपासूनच दडवली होती. दुकानाच्या माळ्यावर एक जुना, मेलेला काटा पडून असायचा. 'उस्तादांची आठवण, हात लावायचा नाही,' असं बजावून ठेवलेला. त्याच्या पोकळ बैठकीत, प्लास्टिकच्या पिशवीत एक पावती होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बँकेतल्या मुदत ठेवीची. बायकोला ठाऊक नाही, लेकीला ठाऊक नाही. वारसाचा रकाना कोरा. दावा चालू असताना, घर यादीत असतानाही ती पावती त्यांनी बाहेर काढली नव्हती. न जाणो, याहून वाईट वेळ आली तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शटर वर केलं, पॉलिशच्या डबीला हात न लावता स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. दुपारपर्यंत ठेव मोडली होती. पैसे घेऊन ते थेट त्या बँकेत गेले जिथे लेकीने कंपनीचं खातं उघडलं होतं. काउंटरवरच्या माणसाने रक्कम बघितली आणि म्हणाला, "भांडवल आहे ना? मग पैसे कुठून आले त्याचा पुरावा जोडावा लागेल. त्याशिवाय दाखला देता येत नाही."

"माझेच आहेत."

"तुमचेच असतील, पण कागद हवा. ठेवीचा जुना उतारा असेल तर तो लावा. एक प्रत इथे, एक कंपनीच्या फायलीत."

काटेवाल्यांनी उतारा हातात धरला. वर तारीख छापलेली होती, ठेव कधी ठेवली त्याची. ती झाकायची काही सोय नव्हती. त्यांनी कागद तीनदा वाचला. मग दिला.

संध्याकाळी वकिलाच्या खोलीत लेक आधीच येऊन बसली होती. वकिलाने फोन करून बोलावलं होतं, कारण नोंदणीला दोन्ही संचालक, म्हणजे बाप-लेक दोघं, लागत. तिला वाटलं असेल, बाबांनी शेवटी ती तीन दिवसांची सोय केली. काटेवाल्यांनी बँकेचा दाखला टेबलावर ठेवला. वकील खूश झाला. "वा, पूर्ण भांडवल! आधी सांगायचं ना साहेब, एवढी धावपळ वाचली असती."

लेकीने दाखल्याखालचा दुसरा कागद ओढून घेतला. वाचायला तिला फार वेळ लागला नाही. काटेवाले तिच्या बोटाकडे बघत होते. बोट अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"माझ्या फीची शेवटची तारीख याच महिन्यात होती," ती म्हणाली. "तिसऱ्या वर्षाच्या."

काटेवाल्यांनी मान डोलावली.

"या ठेवीतून फी गेली असती, तरी अर्ध्याहून जास्त उरले असते."

"हो."

"मग का, बाबा?"

किती उत्तरं होती. वेळ कुणावर सांगून येत नाही म्हणून. तुझ्या काकाने असं केलं म्हणून. तू शिकून कुठे निघून गेलीस तर, म्हणून. हे शेवटचं खरं होतं, आणि तेच त्यांनी सांगितलं. "भीती वाटली गं मला. तू गेली असतीस." हे तोंडाने म्हटल्याची त्यांना लाजही वाटली नाही.

वकील उठून उगाचच खिडकी उघडायला गेला.

काटेवाल्यांनी शेवटचा अर्ज पुढे ओढला. खात्यावर सह्या कुणाच्या, हे लिहायची ओळ त्यात होती. तिथे लेकीच्या अक्षरात 'दोन्ही संचालकांच्या एकत्रित' असं होतं. त्यांनी पेन काढलं, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, फक्त लेकीची. कागद एकदाही परत वाचला नाही. "तुझी एकटीची सही पुरे. माझी नको. काल मी जे बोललो, त्याच्यानंतर तर नकोच. सगळं तूच बघ."

लेकीने ते खोडलेलं बघितलं.  तिचे डोळे भरून आले होते, पण हात स्थिर होता, काटा जुळवताना असायचा तसा. तिने वकिलाकडे नवा कोरा अर्ज मागितला आणि पहिल्यापासून भरायला घेतला. नाव, पत्ता, भांडवल, त्यात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. कामाच्या रकान्यात तिने वजनकाटे दुरुस्ती लिहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "पहिल्या महिन्यात आपण लावून दिलेले सगळे काटे पुन्हा तपासायचे. फुकट. तुम्ही दुकानादुकानात जाऊन सांगायचं, का ते."

"सांगतो."

"आणि कारखान्याला मी नाही म्हणून कळवते."

 काटेवाल्यांनी तिच्या डोक्याकडे हात नेला. पण ती अजून लिहीत होती, सह्यांच्या ओळीवर आली होती, म्हणून हात तसाच थांबला.

तिने तिथे लिहिलं, 'दोन्ही संचालकांच्या एकत्रित.'

"अगं, मी म्हटलं ना, तुझी एकटीची चालेल. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"ते कळलं, बाबा," लेक म्हणाली. "पण खात्यात काय आहे आणि काय नाही, हे एकालाच ठाऊक असायला आता नको. दोघांच्या राहू देत."

तिने आपली सही केली, अर्ज त्यांच्याकडे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. काटेवाल्यांनी तो अर्ज तीनदा वाचला नाही. तिच्या बोटाशेजारी सही केली, आणि पेन तिला परत दिलं.